तिसऱ्या पेटीचा आवाज

नत्थूजी दारातच उभे राहिले. एरवी सरळ आत येऊन खाटेवर टेकणारा माणूस, पण त्या सकाळी त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"या ना, बसा," मोतीराम म्हणाला.

"बसत नाही भाऊ. एक गोष्ट सांगाची होती." त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि पुन्हा गुंडाळला. "तुमच्या वावरात कोणी तरी रडून राहिलं."

मोतीरामची बायको शोभा आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"कोण रडून राहिलं?"

"दिसत नाही ना कोणी. ऊन चढलं का ऐकू येते. माह्या बाया धुऱ्याकडची संत्री तोडाले आल्या होत्या. त्याहीनं ऐकलं, अन् दुसऱ्या दिवशी एकही बाई येईना. मग मी सोता गेलो. तुमच्या पोराच्या मधाच्या पेट्या आहेत ना, त्या अंगाले. भाऊ, खोटं कायले सांगू, बिमार माणूस कण्हते तसा आवाज आहे."

मोतीरामनं दाराबाहेर वावराच्या दिशेला पाहिलं. नत्थूजींचं वावर त्याच्या वावराला लागून होतं. ऑक्टोबरपासून मोतीरामच्या दोन एकरांतल्या संत्र्यांना पाणीही तेच देत होते, स्वतःच्या विहिरीवरून पाइप टाकून. कारण मोतीरामच्या विहिरीवरची मोटर बंद होती. ती चालू करताना स्टार्टरचा शॉक लागून त्याचा एकुलता एक मुलगा सुमेध गेला होता. त्या दिवसानंतर मोतीरामनं वावरात पाऊल ठेवलं नव्हतं.

"तुमच्यात चालत नाही हे मले माहीत आहे," नत्थूजी चाचरत म्हणाले, "पण जामसांवलीले एकदा जाऊन या. मारुतीपुढं नारळ ठेवा. जीव अडकून राहते कधी कधी."

"नत्थूजी, मी तीस वर्सं रेल्वे लाइन तपासत फिरलो. तिगाव ते पांढुर्णा, एकटा, हातात बत्ती घेऊन. कटलेली माणसं मी माह्या हातानं उचलली. मले एक बी भूत दिसलं नाही. जे नाही थे दिसंन कसं?"

हे त्याचं नेहमीचं बोलणं होतं. विहारात दर जयंतीला पोरांपुढे तो हेच सांगायचा, आणि पोरं हसून टाळ्या वाजवायची. आज ते बोलताना त्याचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

शोभा दारात आली. "वारा असंन," ती म्हणाली. "टिनाचा पत्रा निघाला असंन झोपडीचा. तुम्ही नका जाऊ तिकडं."

मोतीरामला वाटलं, ती घाबरली.

दुसऱ्या दिवशी जेवण करून तो सायकलवर निघाला. रेल्वेचं फाटक ओलांडून पुढे कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. थंडी सरत आली होती. सकाळी शेकोटी लागायची, पण दुपारी सदरा अंगाला चिकटायचा. वावराच्या तोंडाशी येताच त्याला संत्र्याच्या फुलांचा वास आला आणि तो सायकलवरून उतरला. आंबिया बहार फुटला होता. माणूस असो नसो, झाडं फुलली होती.

पेट्या बगीच्याच्या मधोमध, लोखंडी पायांवर ओळीनं ठेवलेल्या होत्या. सुमेधनं पांढुर्ण्याच्या एका शिबिरात मधमाश्या पाळणं शिकून चार पेट्या आणल्या होत्या. "बाबा, माश्या आल्या का संत्रं दुप्पट धरते," असं तो म्हणायचा. मोतीरामला ते नाटक वाटायचं. मुलगा आणि सून डोक्यावर जाळीच्या टोप्या घालून तासन् तास पेट्यांत डोकं घालून बसायचे, तेव्हा तो लांब धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, बघायचा. जवळ कधी गेला नव्हता.

पहिली पेटी गप्प होती. दुसऱ्या पेटीच्या दारातून माश्या ये-जा करत होत्या, पायांना पिवळं पीठ लागलेल्या. चौथीच्या दारावर कोळ्याचं जाळं होतं. तो तिसऱ्या पेटीपाशी आला, आणि त्याला ऐकू आलं.

गुणगुण नव्हती ती. एक लांब, न तुटणारा स्वर होता. वर चढायचा, थरथरायचा, पुन्हा खाली यायचा आणि तरी थांबायचा नाही. मोतीरामनं लाकडाला कान लावला.

सुमेध सहा वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला होता. रेल्वेच्या क्वार्टरात, भिंतीकडे तोंड करून, तापात तो असाच कण्हायचा. मोतीरामची ड्युटी होती. बत्ती घेऊन तो निघाला, तरी लाइनीपर्यंत तो आवाज त्याच्या मागं मागं आला होता. तो हाच आवाज. त्यात शब्द नव्हता. पण बापाला हाक मारायला शब्द लागत नाही.

झाकण उचलायला त्यानं हात वर केला. हात झाकणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मग तो मागं सरकला, वळला, आणि घरी पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सायकल वावरातच राहिली.

"काय होतं?" शोभानं विचारलं.

"काही नाही. वारा."

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. मोतीराम तांब्याभर पाणी उभ्यानंच प्यायला, आणि त्यातलं अर्धं सदऱ्यावर सांडलं. तिनं ते पाहिलं, पण सायकल कुठं आहे हे विचारलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी सायकल अंगणात उभी होती. "नत्थूजीचा माणूस ठेवून गेला," शोभा म्हणाली.

त्यानंतर मोतीरामला जेवण जाईना. घरात पंखा नसताना पंखा फिरल्यासारखं वाटायचं. मालगाडी दूर तिगावच्या वळणावर आली की त्या घरघरीच्या तळाशी तो स्वर असायचा. पोरांपुढे हजार वेळा बोललेली वाक्यं तो मनात घोळवायचा. प्रत्येक आवाजाले कारण असते. प्रत्येक गोष्टीले कारण असते. मग कारण काय होतं, हे त्याला माहीत नव्हतं. आणि माहीत असणारी एकच व्यक्ती होती, जिच्याशी त्यानं बोलणं तोडलं होतं.

सून अर्चना. सुमेध गेल्यावर महिनाभरानं ती रामाकोन्याला माहेरी गेली. तिथं तिनं बोलणं सोडलं, खाणं सोडलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी तिची आई रजनी तिला दर शनिवारी जामसांवलीला घेऊन जाऊ लागली. कोणीतरी ही गोष्ट विहारात मोतीरामच्या कानावर घातली. त्यानं भर दुपारी फोन लावला आणि म्हणाला, "सुमेधच्या बायकोनं हे करावं? त्याच्या बापाचं तोंड तरी पाहाचं होतं." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

एका सकाळी शोभाला "पांढुर्ण्याले बँकेत जातो" असं सांगून तो सौंसरच्या बसमध्ये बसला. सौंसरहून रामाकोना. अर्चनाचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढच्या खोलीत ती शिलाई मशीनवर बसली होती, शाळेच्या निळ्या सदऱ्यांचा ढीग बाजूला. सासऱ्याला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि उठून उभी राहिली. चेहरा उतरलेला होता, पण नजर ठिकाणावर होती.

रजनीनं चहा ठेवला. चहावर साय धरली.

"पोरी," मोतीराम शेवटी म्हणाला, "मले सुमेध ऐकू आला."

तो खाली बघत होता. हसू येईल, टोमणा येईल, जे येईल ते ऐकायची त्यानं तयारी केली होती. अर्चनानं विचारलं, "कुठं?"

"वावरात. तिसऱ्या पेटीत."

"आवाज कसा होता? एकसारखा होता का तुटून तुटून?"

"एकसारखा. कण्हल्यावाणी."

"तुम्ही पेटीले ठोकून पाहिलं? ठोकल्यावर वाढला का गप्प झाला?"

मोतीरामला राग आला. "मी तुले सुमेधचं सांगून राहिलो, अन् तू पेटीचं विचारून राहिली."

अर्चनानं हातातला निळा कपडा घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "मी बी सुमेधचंच विचारून राहिली, बाबा," ती हळू म्हणाली. "राणी मेली का माश्या तशा रडतात. त्यानंच सांगितलं होतं मले. पण ऐकला नाही मी कधी. आपल्या पेटीत तशी वेळ आली नव्हती."

"मग चाल. पाहून घे."

रजनी मध्ये पडली. "भाऊ, पुन्हा तिले तिथंच नेता? मोठ्या मुश्किलीनं पोरगी दोन घास खाऊ लागली. घरात माशी घोंघावली तरी कानावर हात ठेवते थे. तुम्हाले काय माहीत?"

मोतीरामला खरंच माहीत नव्हतं. तो उठला आणि दारातल्या चपला शोधू लागला.

"थांबा," अर्चना म्हणाली. "येते मी. पण मोटरीकडं मी जाणार नाही."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. जामसांवलीचा फाटा आला तसे तिनं मांडीवरचे हात जोडले, सहज, कोणाला दिसावे म्हणून नाही. मोतीराम बराच वेळ समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत राहिला.

"तिथं काय होते?" त्यानं विचारलं.

"काही नाही होत. बसाचं. पहिल्या शनिवारी मी नुसती बसली. बाजूले एक बाई केस सोडून घुमून राहिली होती. तिची सासू तिची चप्पल सांभाळत बसली होती. मग मी बी ओरडली. लय ओरडली, बाबा. घरी ओरडता येत नव्हतं, आई घाबरायची. तिथं कोणी वळून बी नाही पाहिलं."

"अंगात काही…"

"माह्या अंगात कोणी नव्हतं. तेच तर दुःख होतं."

मोतीरामनं तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी फोनवर तसं बोलाले नको होतं." बस खड्ड्यात आदळली. तिनं ऐकलं की नाही, त्याला कळलं नाही.

घरी न जाता दोघं थेट वावरात गेली. दुपार कलत होती. विहिरीकडची बाजू आली तसा अर्चनानं पदर गालावर ओढून घेतला आणि सासऱ्याच्या डाव्या बाजूनं चालू लागली, म्हणजे मोटरीची खोली त्याच्या अंगाआड राहील. मोतीरामला मात्र ती दिसली. दाराला कुलूप होतं, आणि खिडकीतून दिसणारी स्टार्टरवरची भिंत काळी पडलेली.

झोपडीत खुंटीला जाळीची टोपी तशीच लटकत होती. आत कोळ्यानं घर केलं होतं. अर्चनानं ते बोटानं काढलं, टोपी झटकली, क्षणभर तोंडाजवळ धरली आणि घातली. धूर द्यायच्या डब्यात गोवरीचा अर्धा जळालेला तुकडा होता, सुमेधनं शेवटचा टाकलेला. ती तो काढून फेकेल असं मोतीरामला वाटलं. तिनं त्याच्यावरच नवा तुकडा ठेवला आणि काडी ओढली.

तिसऱ्या पेटीपाशी आल्यावर तिनं बोटाच्या पेरानं लाकडावर टकटक केलं.

आवाज उसळला. थांबला नाही. थरथरत वर गेला, उतरला, पुन्हा चढला. अर्चनाचा हात झाकणावर होता. धूर डब्यातून फुकट चालला होता, वाऱ्याबरोबर फुलांच्या फांद्यांत शिरत होता. ती हलेना. मोतीराम मागं उभा होता, त्याला तिचे खांदे दिसत होते.

"अर्चना?"

"हो." तिनं नाक ओढलं. "हो बाबा. उघडते."

पोळ्याच्या चौकटी एकेक करून तिनं उजेडात धरल्या. माश्या मेणावर गोळा होऊन बसल्या नव्हत्या, सैरावैरा धावत होत्या, पंख थरथरवत. तिनं मेणाच्या खोबणीत वाकून पाहिलं, एका चौकटीत, दुसरीत, सगळ्यांत. "एक बी अंडं नाही. आळी नाही. राणी थंडीत गेली असंन, दोन-तीन हप्ते झाले. नवी राणी करावी म्हटलं तर अंडंच उरलं नाही. म्हणून रडून राहिल्या."

"म्हणजे थो आवाज…"

"हाच थो आवाज."

कारण मिळालं होतं. साधं, हातात धरून दाखवता येण्यासारखं. मोतीरामला हायसं वाटायला हवं होतं. त्यानं पुन्हा कान दिला. माश्या होत्या, त्याला दिसत होत्या. आणि तरी तो सहा वर्षांचा पोरगा भिंतीकडे तोंड करून कण्हत होता.

"तुले काय ऐकू येते?" त्यानं विचारलं.

अर्चना बाकीच्या पेट्या बघायला गेली. पहिली आणि चौथी मेलेल्या होत्या. तळाशी वाळलेल्या माश्यांचा थर होता आणि मेणात किड्यांनी पांढरी जाळी विणली होती. दुसरी भरलेली होती. त्यातली राणी तिला दिसली, लांब पोटाची, सावकाश चालणारी, भोवती वाट करून देणाऱ्या माश्या.

"ही पेटी खाली ठेवू अन् रडणारी तिच्यावर," ती म्हणाली. "मधात कागद लावाचा. एकदम टाकल्या तर एकमेकीले मारतात. कागद कुरतडेपर्यंत वास एक होते, मग मारत नाहीत. पेपर आहे का?"

मोतीरामच्या थैलीत सकाळचा हिंदी पेपर होता, बसमध्ये वाचायला घेतलेला आणि न वाचलेला. दिवस मावळायला आला, माश्या घरात परतल्या, तेव्हा दोघांनी मिळून तिसरी पेटी उचलून दुसरीवर ठेवली. अर्चनानं कागदाला काट्यानं दोन-चार भोकं पाडली होती. पेटी उचलताना मोतीरामच्या तळहातांना ती थरथर लागली. पूर्ण आयुष्यात पहिल्यांदा तो मुलाच्या कामाला हात लावत होता.

घरी शोभानं सुनेला मिठी मारली, रडली, गूळपाणी दिलं. जेवायला बसल्यावर मोतीरामनं सगळं सांगितलं. आवाज ऐकून पळालो होतो हेही सांगितलं. "आता दोन-तीन दिवसांत बंद होईन," तो म्हणाला. "नत्थूजीच्या बाया पुन्हा येतीन तोडाले."

शोभाची तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही. "बंद होईन?" तिनं विचारलं. मग उठली आणि हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेली, ती बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी मोतीराम नत्थूजींना आवाजाचं कारण सांगायला गेला. अर्चना कपडे धुऊन आत आली तर सासू घरात नव्हती. शेजारची सरला ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं सांगितलं, "शोभाबाई ना? वावरात गेल्या असतीन. रोज जातात दुपारी."

"रोज?"

"पंधरा-वीस दिवस झाले. मले वाटलं तुमच्या घरी माहीत असंन."

अर्चना धावली. वावराच्या तोंडाशीच तिला ओरडणं ऐकू आलं, आणि ते माश्यांचं नव्हतं. शोभा वरच्या पेटीला मिठी घालून तिला उचलायला बघत होती. पेटी तिरपी झाली होती, फटीतून फाटका कागद दिसत होता, आणि माश्या तिच्या हातांवर, मानेवर, केसांत. तिला त्याचं भान नव्हतं.

"आई! सोडा!"

"परत ठेव त्याले!" शोभा ओरडत होती. "जसा होता तसा ठेव! तुम्हाले कोणी सांगितलं हात लावाले? मले विचारलं काऊन नाही?"

अर्चनानं टोपी शोधली नाही, धूर केला नाही. तिनं पेटी दोन्ही हातांनी दाबून जागेवर बसवली आणि सासूला कमरेला धरून ओढत झाडांच्या रांगेपलीकडे नेलं. दोघी मातीत बसल्या. अर्चना नखानं तिच्या मानेवरचे काटे खरवडून काढू लागली. तिच्या स्वतःच्या पापणीला डंख लागला होता आणि डोळा मिटत चालला होता.

"मी रोज येत होती," शोभा म्हणाली. आता ओरडणं संपलं होतं. "पहिल्या दिवशी घर खायला उठलं म्हणून आली. त्या मोटरीले शिव्या द्याले आली होती. अन् ऐकू आला. मग रोज आली. मी बोलाची, थो ऐकाचा. तुह्या सासऱ्याची सायकल बी मीच घरी नेली. त्याहीले सांगितलं असतं तर म्हटलं असतं, भूत नसते. मले माहीत आहे नसते. मी भूत म्हटलंच नाही."

"आई, त्या तशा ठेवल्या असत्या तर मेल्या असत्या. राणी नाही म्हणजे नव्या माश्या नाही. महिन्याभरात पेटी रिकामी."

"मग महिनाभर तरी ऐकू आला असता."

अर्चनाचं बोट तिच्या मानेवर थांबलं. तिला आठवलं, की काल झाकणावर हात ठेवून ती स्वतःही थांबली होती, आणि ते काही पेटी तपासण्यासाठी नव्हतं.

शोभानं पेटीकडे मान वळवून विचारलं, "खालच्या माश्या वरच्याहीले मारतीन का? कागद फाटला माह्यानं."

"थोडा फाटला. पाहावं लागंन. धूर देता का तुम्ही? मले एका डोळ्यानं दिसत नाही."

शोभा उठली. झोपडीतून टोपी आणली, सुनेच्या डोक्यावर घातली. धुराचा डबा दाबायला तिला जमेना, पहिल्यांदा धूर तिच्याच तोंडावर आला, ती खोकली. अर्चनानं कागद सरळ केला. काही माश्या मेल्या होत्या, बऱ्याच नव्हत्या. तिनं झाकण बसवलं.

आठवड्याअखेर तिघं मिळून गेली. खालच्या दारासमोर जमिनीवर कागदाचा भुसा पडला होता, बारीक, कापसासारखा. वरच्या आणि खालच्या माश्या एकमेकींच्या अंगावरून चालत होत्या, कोणती कुठली ते सांगता येत नव्हतं. अर्चनानं एक चौकट शोभासमोर धरली आणि खोबणीच्या तळाशी उभं असलेलं अंडं दाखवलं, ज्वारीच्या कोंड्याएवढं. मग शोभानं पेटीला कान लावला. मोतीराम बघत होता. ती खूप वेळ तशीच वाकून होती.

"हा थो नाही," ती म्हणाली.

"नाही आई," अर्चना म्हणाली.

नत्थूजींच्या बाया पुन्हा तोडायला येऊ लागल्या. अर्चना बहार संपेपर्यंत राहिली, मग रामाकोन्याला गेली, पण रविवारी पेट्या बघायला येते. मेलेल्या दोन पेट्या तिनं खरवडून उन्हात टाकल्या आहेत. मोतीराम तिच्याकडून चौकट धरायला शिकतो आहे. विहारात या वेळी पोरांनी भुताचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नसते," आणि पुढचं काही न बोलता खाली बसला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

शोभा अजूनही दुपारी वावरात जाते. मोतीराम तिच्या मागून जातो आणि धुऱ्यावर बसतो. ती पेटीशी बसते, कधी थोडा वेळ, कधी ऊन उतरेपर्यंत. परवा परत येताना, फाटकापाशी गाडी जायची वाट बघत दोघं उभी होती, तेव्हा ती म्हणाली, "आज होता थोडा वेळ."

मोतीरामनं रुळांकडे पाहिलं. मालगाडी अजून लांब होती.

"काय म्हणे?" त्यानं विचारलं.

"काही नाही," शोभा म्हणाली. "कामात होता."